करडीवर चढाई

६ फेब्रुवारी २००३, पवनी

सुताच्या व्यापाऱ्याने नववर्षाची भेट म्हणून दिलेली ही डायरी महिनाभर माझ्या कापडाच्या दुकानात लोळत होती. माझ्या बायकोने, गीताबाईने, तिच्यावर चहाचा कप ठेवून दोन गोल उमटवले, तेव्हा ठरवलं की आता हिच्यात लिहायचं. टपरीवर माझं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. इथे मध्ये बोलणारं कोणी नाही.

आजचा विषय इराक. अमेरिकेने सगळ्या देशांपुढे फोटो मांडले, ते टीव्हीवर दाखवले. ट्रक, शेड, वरून काढलेली छपरं. यात म्हणे सद्दामने भयंकर अस्त्रं लपवली आहेत. तेजराम म्हणाला, "मले तं ट्रक दिसून राहिला. अस्त्र कुठी आहे?" मी म्हटलं, लपवलेली वस्तू फोटोत दिसली तर ती लपवलेली कशी राहील? तेजराम गप्प झाला. तो म्हणतो, तेव्हा तो चहा पीत होता.

तेजराम माझा शाळेपासूनचा मित्र, पोस्टातून निवृत्त. त्याचं म्हणणं असं की माणूस जालीम आहे हे कबूल, पण त्याला काढायचं ते त्याच्या लोकांनी. मी म्हटलं, "त्याच्या लोकायचे हात बांधून आहेत ना बाप्पा. घरात बाई मार खाऊन राहिली, तं आपण दारात उभं राहून कायदा वाचावा का?"

"पहिले दार तं वाजव," तेजराम म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं हे त्यालाही ठाऊक आहे. करडीचे केशवराव. आमचे व्याही, इकडच्या बोलीत ईवाई, आमची लेक रीता हिचे सासरे. पाच एकर धान, बायको वारलेली, दोन मुलं, दोन सुना आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या घरात डाळीत मीठ किती पडायचं हेही केशवराव ठरवतात. ते जेवताना कोणी बोलायचं नाही, ते झोपले की कोणी खोकायचं नाही. टीव्ही आहे, पण त्याला कापड शिवून घातलं आहे आणि ते काढलेलं मी कधी पाहिलं नाही. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, आमच्याकडे सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. यंदा आमची तेवढी आली नाही. धान कापणी आहे, असा निरोप आला. गीताबाईने रीतासाठी केलेले अनारसे शेवटी मी खाल्ले. दुःखाने खाल्ले, पण खाल्ले.

१० फेब्रुवारी

भय्याजी आला होता. हा बाजारोबाजार बांगड्या, पिना, पावडर विकतो आणि करडीच्या बाजारालाही बसतो. मी त्याला केशवरावांच्या घराची हालहवाल विचारली. त्याने दुकानातला खडू घेऊन फरशीवर नकाशाच काढला. हे अंगण, ही सपरी म्हणजे ओसरी, ही चूल, आणि ही मागची खोली. तिला सदानकदा कुलूप. खिडकीला आतून पोतं.

"कोणाले जवळ जाऊ देत नाही म्हातारा."

"आणि आमची रीता?"

"नाही दिसली बाप्पा. पूर्ण घर पाह्यलं."

मी भजी मागवली. भजी खाताना त्याला आठवलं की खोलीतून खुडबुड ऐकू आली होती. दुसऱ्या प्लेटीनंतर ती खुडबुड बाईमाणसाची असावी असं त्याला वाटू लागलं. भय्याजी म्हणजे डोळस माणूस.

गीताबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिला मी सगळं सांगितलं. चरखा न थांबवता ती म्हणाली, "रीताले विचारलं का?"

कोंडलेल्या माणसाला विचारायचं कसं, हे बायकांना कळत नाही.

१६ फेब्रुवारी

रीताचा फोन आला, गावातल्या एसटीडीवरून. मी दुकानात गिऱ्हाईकाला लुगडं दाखवत होतो, म्हणून गीताबाईच बोलली. रीता म्हणाली, सगळं ठीक आहे. भय्याजी आला त्या दिवशी ती शेतावर होती. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, आता पेपर ती वाचून दाखवते. अंगणवाडी सेविकेची जागा निघाली आहे, मार्चअखेर तालुक्याला, मोहाडीला, मुलाखत आहे. मामाजी आधी नाहीच म्हणत होते. आता 'पाहू' वर आले आहेत. अजून थोडे दिवस गेले की स्वतः सोबत येतील. शेवटी म्हणाली, "बाबाले सांग, काही करू नोको म्हणा."

मी हे गीताबाईकडून दोनदा नीट ऐकून घेतलं. आता बघा. ठीक आहे असं जो माणूस आपणहून सांगतो, तो ठीक नसतो. 'काही करू नका' हे वाक्य कोणीतरी बाजूला उभं राहून वदवून घेतलेलं आहे. आणि पेपर वाचून दाखवायला लावणं ही सुनेकडून करून घेतलेली बिनपगारी चाकरीच झाली. तेजरामला सांगितलं तर म्हणाला, "तिनं सांगितलं ते तसंच समजून पाह्य ना एकदा." पोस्टात सगळा जन्म गेला, तरी पत्राच्या आत काय असतं हे त्याला कधी दिसलं नाही.

१८ मार्च, धुळवड

महिनाभर पान कोरं. लग्नसराईचं गिऱ्हाईक होतं.

आज सकाळी बातमी आली. सद्दामला अठ्ठेचाळीस तासांची मुदत. देश सोड, नाहीतर आलोच. मी रंगलेल्या तोंडाने टीव्हीपुढे उभा होतो आणि अंगावर काटा आला. बोलणं म्हणजे असं असावं. मीही तिथल्या तिथे ठरवलं. भय्याजी उद्या करडीच्या बाजूला जाणार आहे. त्याच्यासोबत निरोप दिला की दोन दिवसांत रीताला माहेरी पाठवा, नाहीतर आम्ही येऊन नेऊ. आणि मागची खोली उघडून दाखवा.

"एवढं सगळं सांगू का?" भय्याजीने विचारलं.

"चारचौघात सांग," मी म्हटलं.

गीताबाईने माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. रंग काढायला, असं ती म्हणाली.

२० मार्च

लढाई सुरू झाली. बगदादवर हिरवे हिरवे दिवे पडताना दिसतात.

भय्याजी निरोप देऊन आला. बाजाराच्या ऐन गर्दीत दिला म्हणतो. केशवराव काय बोलले? काही नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. हाच तो माज. ती मिशीही तसलीच आहे, सत्तरीच्या माणसाला शोभणार नाही इतकी काळीभोर. टीव्हीवरच्या त्या मिशीत आणि हिच्यात मला काही फरक दिसत नाही.

माझी फौज मात्र जमेना. गीताबाईचा भाऊ म्हणाला की माझा मनापासून पाठिंबा आहे, पण कंबर धरली आहे. वॉर्डातली पोरं यायला तयार आहेत, पण रविवारी वर्ल्ड कपची फायनल आहे, त्याआधी नाही. तेजरामला मी विचारलंच नव्हतं. तो स्वतः म्हणाला, "मी येतो. मले पटत नाही, पण येतो. कोणीतरी पाहाले पाहिजे." जीपमध्ये पुढची सीट त्याने आत्ताच मागून ठेवली आहे, गुडघ्यांमुळे.

२४ मार्च

काल भारत फायनल हरला. पोरं कोणाला तरी मारायच्या मनःस्थितीत आहेत. उद्याच निघायचं.

२५ मार्च, करडी

आज आनंदाने लिहितो आहे.

सकाळी जीप निघाली. सात पोरं, मी, तेजराम आणि वाटेत भेटला म्हणून भय्याजी. भंडाऱ्याला तर्री-पोहे खाल्ले. पोरांनी दोन-दोन प्लेटी खाल्ल्या आणि नदी ओलांडेपर्यंत अर्धी झोपली. करडीच्या वेशीत शिरताना मी त्यांना उठवलं.

केशवराव सपरीत खाटेवर आडवे होते. रीता खाली बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होती. मजकूर लढाईचाच होता. मी दारात उभा राहिलो तेव्हा केशवराव तिला म्हणत होते, "ते मागचं पुन्हा वाच. त्या शहरातल्या पाण्याचं." मला पाहून रीता ताडकन उठली.

"बाबा? आईले बरं नाही का?"

"आई ठीक आहे. सामान भर."

"कायचं सामान?"

केशवराव उठून बसले. म्हणाले, "ईवाई, बसा. पाणी घ्या. पण एक सांगतो. या घरची सून माह्या हुकमाबिगर उंबरा ओलांडत नाही." हे त्यांनी माझ्या सगळ्या माणसांपुढे सांगितलं. तेजरामकडे मी पाहिलं, की बघ, कानांनी ऐक. तेजराम पाणी पीत होता.

मी म्हटलं, उंबऱ्याचं मागून पाहू, आधी ती मागची खोली उघडा. आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. केशवरावांचा आवाज फाटला. "ती खोली नाही," ते म्हणाले. "ती सोडून काही पण म्हणा." जुडग्यावर त्यांनी हात दाबून धरला. एवढा पुरावा मला पुरे होता. तोवर शेजारपाजारचे कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसले होते. रीता मध्ये आली, "बाबा, नोको, ऐका माझं," म्हणाली, पण पोरांनी पहार घातलीच. कुलूप जुनं होतं, एका दणक्यात तुटलं.

आत कांदे टांगले होते. बियाण्याचं पोतं होतं. खिडकीपाशी एक स्टूल, त्यावर आरसा, एक वाटी, दात घासायचा काळा झालेला ब्रश आणि केस काळे करायच्या पावडरची पाकिटं.

एका पोराने वाटी हातात घेऊन अंगणात आणली आणि मोठ्याने विचारलं, "हे काय हो जी?" भय्याजीने पाकीट उलटून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं माह्याकडचंच आहे. दर महिन्याले नेतात." आधी भिंतीवरची लेकरं हसली, मग सगळी भिंत हसली. माझी पोरं तर्री-पोह्याच्या जोरावर लोळून हसली. खरं सांगतो, मीही हसलो.

केशवरावांनी तळहाताने मिशी झाकली. दुसऱ्या हाताने कमरेचा जुडगा सोडला, खाटेवर ठेवला आणि अनवाणीच फाटकातून निघून गेले. एक गोळी नाही, एक थप्पड नाही. जुलमी राजवट कोसळायला अर्धा तास लागला.

रीता हसली नाही. उन्हात उभी होती, म्हणून असेल.

२८ मार्च, करडी

जीप पोरांना आणि तेजरामला घेऊन परत गेली. मी मागे थांबलो, कारण केशवराव परतलेच नाहीत. ते गावातल्या मारुतीच्या देवळात जाऊन बसले आहेत. थोरला मुलगा नीलेश डबा घेऊन गेला, तर डबा परत आला. मग गावातल्या बायकांनी भाकऱ्या नेल्या, त्या मात्र खाल्ल्या. आजवर हेच गाव त्यांना पाहून वाट बदलत होतं. आता संध्याकाळी दहा-पंधरा माणसं त्यांच्याजवळ बसलेली असतात.

घरात मात्र मोकळीक आहे, हे लिहायलाच हवं. टीव्हीचं कापड उसवलं. थोरली सून ललिता काल भाकर वाढताना म्हणाली, "काका, लोकं काहीही म्हणोत. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा जेवताना बोलली." आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मला फार बरं वाटलं. तेजराम इथे असायला हवा होता.

रीताची मुलाखत कालच होती. केशवराव येणार नाहीत म्हटल्यावर मीच तिला भाड्याची जीप करून मोहाडीला नेलं. आत काय झालं ते ती सांगेना. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की सेविका त्याच गावात राहणारी लागते आणि करडीहून आधीच तक्रार पोचली होती, की ही बाई माहेरी चालली आहे, तिचा बाप जीप घेऊन न्यायला आला आहे, सगळ्या बाजाराने ऐकलं आहे. जागा दुसरीला गेली.

लोक किती खोडसाळ असतात. मी तिला म्हटलं, आपण वर अर्ज करू. परत येताना ती ड्रायव्हरच्या बाजूला बसली. मी मागे होतो.

३ एप्रिल, करडी

काल पाडवा. गुढी उभारायची कोणी यावरून दोन भाऊ भांडले. शेवटी दोन गुढ्या उभारल्या. आज अंगणात मधोमध चुना टाकून रेघ ओढली आहे, अलीकडे नीलेश-ललिता, पलीकडे आमचे जावई संजीव आणि रीता. जिल्हा फोडून गोंदिया वेगळा केला तेव्हा कागदपत्रं इकडून तिकडे न्यायला वर्ष लागलं होतं. इथे तासाभरात चुलीपर्यंत वाटणी झाली.

खरी पंचाईत वेगळीच आहे. उन्हाळी धानाला तलावाच्या पाण्याची पाळी असते. केशवराव बांधावर उभे राहिले की आधीचा शेतकरी मुकाट पाणी वळवून द्यायचा. आता नीलेश म्हणतो, संजीव जाईल. संजीव म्हणतो, मोठा तो आहे. दोघं गेले नाहीत आणि आपली पाळी दुसऱ्याने घेतली. शेवटी मीच गेलो. मी कापड मोजणारा माणूस. बांधावर चप्पल चिखलात रुतली, आणि ज्याला मी पाणी सोड म्हणत होतो तो म्हणाला, "तुमी कोण? जीपवाले का?" मी हो म्हटलं. त्याने पाणी सोडलं नाही.

धानाच्या दोन बांध्यांत, म्हणजे वाफ्यांत, भेगा पडल्या आहेत. रीता रोज सकाळी जाऊन त्या भेगा पाहून येते.

संजीवशी बोलायचा प्रयत्न केला. आता तू घराचा कर्ता हो, असं समजावलं. तो म्हणाला, "बाबा होते तेव्हा मले काही करा नाही लागत होतं." अशा माणसाला मुक्त करून काय करायचं, हे मला कळेना.

१० एप्रिल, करडी

काल बगदादच्या चौकात सद्दामचा पुतळा पाडला. दोरी लावून ओढला, मग लोकांनी त्याला चपला मारल्या. रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं टीव्हीपुढे एकत्र बसली होती. मी टाळी वाजवली. माझ्यासोबत ललितानेही वाजवली. बाकी कोणी नाही.

नंतर बातम्यांत दवाखाने लुटताना दाखवले. लोक खाटा, पंखे उचलून नेत होते. संजीव म्हणाला, "आता कोण पाहील मग तिकडचं?"

मी म्हटलं, अमेरिका पाहील ना.

"किती दिवस?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. गीताबाईने फोनवर मला तेच विचारलं होतं, मी घरी कधी येणार म्हणून. लग्नसराईचं गिऱ्हाईक परत जातं आहे. मी तिला म्हटलं, इथलं सुरळीत झालं की निघतो. मी गेलो तर हे भाऊ एकमेकांची डोकी फोडतील आणि मी राहिलो तर दोघं मिळून माझं फोडतील.

देवळापाशी जाऊन आलो. लांबूनच पाहिलं. केशवराव खांबाला टेकून बसले होते. मिशी मुळापासून पांढरी होत चालली आहे, टोकं तेवढी काळी. मी हसायला हवं होतं.

१३ एप्रिल, करडी

आज रीता मनातलं बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दुपारी मी खाटेवर पडलो होतो, केशवरावांच्याच. ती खाली बसली, पेपर वाचायला बसायची तिथेच.

"बाबा, तुमी घरी जा."

मी म्हटलं, तुला सोबत घेऊनच जाईन, त्यासाठीच आलो आहे.

"मी नाही येत. मामाजी जालीम होते. नाही म्हणत नाही मी. मंडईच्या दिवशी मी न्हाणीत बसून रडली. पण मी एकएक वीट काढून राहिली होती. त्यायची नजर मंदावली आहे, पेपर दिसत नाही, हे त्यायनं जगात फक्त मले सांगितलं. मिशीचं पण. टीव्हीचं कापड जूनमध्ये निघणार होतं. मले मोहाडीले तेच नेणार होते. तुमी आले अन् पूर्ण भिंत माह्याच अंगावर पाडली."

"मी तुझ्यासाठीच केलं ना सगळं."

"मले विचारलं?"

"तू काय सांगितलं असतं? तू दबावाखाली..."

"विचारलं का, बाबा?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एका शब्दाचं होतं. मी चष्मा पुसत बसलो. मग म्हटलं, ललिताला विचार, ती सुखी आहे की नाही. रीता म्हणाली, "आहे. तिचं तिले बरं झालं. तेही खरं आहे." आणि उठून गेली.

संध्याकाळी ती एकटीच देवळात गेली. सगळ्या गावादेखत केशवरावांच्या समोर जाऊन बसली आणि त्यांच्याशी काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. बराच वेळ बसली होती. मग तिने पेपर उघडला आणि वाचू लागली. ते ऐकत होते. दिवेलागणीला दोघं घरी आले, पुढे ती, मागे ते. त्यांच्या पायात तिच्या नवऱ्याच्या चपला होत्या. दारात तिने किल्ल्यांचा जुडगा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. केशवरावांनी त्याच्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

मला त्यांनी "बसा, पाणी घ्या" म्हटलं. त्यांच्या खाटेवरून मी उठलो तेव्हा मला फार मेल्यासारखं झालं.

उद्या सकाळच्या एसटीने निघतो.

१५ एप्रिल, पवनी

काल भंडाऱ्यात गाडी मिरवणुकीमुळे अडकली, चौदा एप्रिल होता. पवनीला पोचलो तर तेजराम निळा फेटा बांधून टपरीपाशी सरबत वाटत होता. मला पाहून तो पुढे आला. मोठा पेला भरून दिला. मला वाटलं होतं तो 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणेल. तसं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

२ मे

अमेरिकेच्या अध्यक्षांनी जहाजावर उभं राहून सांगितलं की मोठी लढाई संपली. त्यांच्या मागे भला मोठा फलक होता, फत्ते झाल्याचा. टपरीवर सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी पेपरचं पान उलटलं.

अस्त्रं अजून सापडलेली नाहीत. तेजराम म्हणाला, "सापडतील. कांदे तरी सापडतीलच." मी हसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन.

पण मग त्याच्याशी भांडलोच. मी म्हटलं, तू सांग, ललिताला आता बोलू नको म्हणून सांगायचं का? तिची नऊ वर्षं कोण भरून देणार होतं? रीताची वीट-वीट संपेपर्यंत ती म्हातारी झाली असती. तेजरामने कप खाली ठेवला. म्हणाला, "हे मले नाही सांगता येत." त्याला काही सांगता येत नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

२९ मे

करडीची खबर भय्याजी आणतो. आता त्याला मी भजी देत नाही, त्यामुळे खबर थोडी असते आणि खरी असते. धान झालं, पण दोन बांध्या गेल्या. अंगणातली रेघ पुसली गेली, चुली दोनच राहिल्या. जुडगा खिळ्यावरच आहे. केशवरावांची मिशी पूर्ण पांढरी झाली, पाकीट घेणं बंद. जेवताना सगळे बोलतात आणि केशवराव लवकर हात धुऊन उठतात. गावात रीताला अजून 'जीपवाली' म्हणतात.

मी गीताबाईला म्हटलं, जुडगा खिळ्यावर गेला तो माझ्यामुळेच ना. ती म्हणाली, "खिळा कोणी ठोकला?" आणि चरखा फिरवू लागली.

रीता दर रविवारी आईला फोन करते. माझी चौकशी करते, 'बाबा जेवतात ना' एवढीच. आज काही रविवार नव्हता. दुपारी दुकानात कोणी नव्हतं, गीताबाई शेजारी गेली होती, आणि मी स्वतःच करडीच्या एसटीडीला फोन लावून रीताला बोलवायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. ती धापा टाकत होती.

"बाबा? आईले काही झालं का?"

"नाही. आई ठीक आहे. मीच केला."

मला बोलायचं खूप होतं, ते सगळं बाजूला ठेवलं. मग मी विचारलं, "मी येऊ का, बेटा?"

"काहून?"

"असाच. भेटाले. एसटीनं येईन. एकटा."

रीता म्हणाली, "मामाजीले विचारून सांगते."

मी म्हटलं, "हाव. विचार."